कुर्त्यासाठी विनंती, साडीसाठी मागणी

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: साताऱ्यात राहणाऱ्या एका वाचक भगिनीने मुलीच्या साखरपुड्यासाठी पुण्यातल्या एका मोठ्या कापड दुकानातून दोन गोष्टी घेतल्या. मुलीला ८,४०० रुपयांची क्रीम रंगाची, लाल काठाची साडी, ‘प्युअर सिल्क’ म्हणून सेलमध्ये. आणि होणाऱ्या जावयाला २,२०० रुपयांचा कुर्ता. कुर्ता छातीत घट्ट झाला. पुढचं माप दुकानात नव्हतं, म्हणून क्रेडिट नोट मिळाली, म्हणजे तेवढ्या रकमेची वस्तू त्याच दुकानातून घेता येईल अशी चिठ्ठी. तिची मुदत पुढच्या आठवड्यात संपते; कुर्ता अजून घरीच आहे. साडीचं दुखणं मोठं आहे. मुलीने ती कार्यात दोन-तीन तास नेसली आणि कमरेपाशी खोचलेल्या काठाचा लाल रंग घामाने निऱ्यांवर आणि परकरावर उतरला. दुकानदार म्हणतो, सेलचा माल आहे, वर फॉल-बीडिंग झालेलं आहे आणि बिलावर छापलेलंच आहे की एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. यजमान म्हणतात, कार्यात असं व्हायचंच, सोडून दे. इंग्लंडमधली भाची म्हणते, इकडे तर काहीही परत घेतात. मुलगी ग्राहक कोर्टात जायला निघाली आहे. “घासाघीस करून, आम्हीच पसंत करून आणलेल्या वस्तू परत मागायची लाज वाटते. मुळात तसा हक्क आहे का?”

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात कुर्ता आणि साडी जोडीने आले आहेत आणि दुकानदारानेही दोघांची बोळवण एकाच सुरात केली आहे. घोळ तिथेच झाला. कुर्त्यात खोट नाही, तो फक्त जावयांच्या मापाचा नाही. साडीत खोट आहे. कायदा या दोन गोष्टींकडे अगदी वेगळ्या नजरेने पाहतो. कुर्त्यासाठी तुम्ही विनंती करू शकता, साडीसाठी मागणी करू शकता. दोन्हींची गल्लत केली की जिथे हक्क आहे तिथेही आपण गयावया करतो, आणि जिथे नाही तिथे उगाच आवाज चढवतो.

आधी भाचीचं. परदेशात नको असलेली वस्तू परत करणं हा हक्कच असतो, असा आपल्याकडे समज आहे. इंग्लंडमध्येसुद्धा दुकानात जाऊन, हाताळून घेतलेला धडधाकट कपडा नुसता आवडला नाही म्हणून परत घ्यायचं बंधन दुकानावर नाही. तिथली मोठी दुकानं घेतात ती आपल्या धोरणाने. ऑनलाइन खरेदीला मात्र तिथे १४ दिवसांत विचार बदलायची मुभा कायद्यानेच दिली आहे. भारतात तशी मुभा ऑनलाइन खरेदीलाही नाही. ‘रंग आवडला नाही’, ‘माप चुकलं’, ‘सासूबाईंनी नाक मुरडलं’ या कारणांवर आपल्याकडे पैसे परत मिळतात ते दुकानाच्या नियमाप्रमाणे, कायद्याने नव्हे.

म्हणून कुर्त्याबद्दल तुम्हाला मिळालेली क्रेडिट नोट ही दुकानाने दिलेली सवलत समजा आणि तिची मुदत वाया घालवू नका. पण त्याआधी घरी एक काम करा. कुर्ता सपाट जागेवर पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेपने मोजा आणि आकडा दुप्पट करा. टॅगवर ४० लिहिलेलं असेल तर साधारणपणे ते घालणाऱ्याच्या छातीचं माप असतं, इंचांत. कुर्त्याचा स्वतःचा घेर त्याहून तीन-चार इंच जास्त असायला हवा. तो ४०च भरला किंवा त्याहून कमी भरला, तर टॅगवर सांगितलेलं माप आणि प्रत्यक्ष कपडा जुळत नाही. मग तो ‘नको असलेला’ कपडा राहत नाही, सदोष ठरतो, आणि क्रेडिट नोटवर समाधान मानायचं कारण उरत नाही. घेर बरोबर भरला तर निमूटपणे विनंतीचा मार्ग धरा.

विनंती कशाची करायची, तेही ठरवून जा. पैसे परत मागितलेत तर नकार येण्याचीच शक्यता जास्त. त्यापेक्षा पुढचं माप मागवून द्या किंवा क्रेडिट नोटची मुदत तीन महिने वाढवून द्या, असं म्हणा. बरेच दुकानदार याला तयार होतात, कारण त्यात त्यांच्या गल्ल्यातून काही जात नाही. वाढवलेली मुदत त्याच नोटेवर तारीख, सही आणि शिक्क्यासह लिहून घ्या. कमी किमतीची वस्तू घेतली तर उरलेली रक्कम पुढे चालेल का, हेही आत्ताच विचारा. नोट तिथेच संपते आणि शे-दीडशे रुपये बुडतात, ही तक्रार नेहमीची आहे. कुर्त्याचे टॅग कापू नका, मोजून झाल्यावर तो नीट घडी घालून ठेवा, अत्तराचा वास लागू देऊ नका.

आता साडी. इथे तुमची बाजू भक्कम आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष माल विकल्यानंतर तो परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देणं, ही त्यातली एक. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि मुदतच नसेल तर ३० दिवसांत दुकानदाराने हे करायला हवं. तुमच्या बिलावर ‘परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय, म्हणजे परतीची मुदत काही दिलेली नाही. तेव्हा ३० दिवस धरा आणि त्यांच्या आत लेखी मागणी करा. एखाद्या बिलावर ‘तक्रार ७ दिवसांत’ असं असेल आणि ते ७ दिवस उलटून गेले असतील तरी सगळं संपत नाही. माल सदोष असल्याची तक्रार ग्राहक आयोगाकडे, म्हणजे मुलगी म्हणते त्या ग्राहक कोर्टाकडे, दोन वर्षांपर्यंत करता येते. उशिराने बाजू थोडी कमजोर होते, इतकंच.

आणि ते छापील वाक्य. ते इतक्या बिलांवर असतं की लोकांना तोच कायदा वाटू लागलाय. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने हे वाक्य बिलांवर छापणं अनुचित आहे, असं १९९९ मध्येच राज्यांना कळवलं होतं, आणि ग्राहक आयोगांनी त्याबद्दल दुकानांना वेळोवेळी फटकारलंही आहे. सदोष मालाच्या बाबतीत त्या वाक्याला किंमत नाही. दुकानदार स्वतःच्या बिलावर काही ओळी छापून कायद्याने घातलेली जबाबदारी झटकू शकत नाही.

सेलचंही तसंच. सवलतीत घेतलं म्हणून खोट माफ होत नाही. अपवाद एकच, खोट दाखवून विकली असेल तर: ‘हा सेकंड्सचा माल आहे’, ‘इथे धागा सुटलाय, म्हणून निम्म्या किमतीत’. तुमच्या बाबतीत तसं काही घडलेलं नाही. तुम्ही घासाघीस केलीत म्हणून लाज वाटते म्हणता. पण ती किंमत दुकानदाराने त्याला परवडली म्हणूनच मान्य केली ना? भाव कमी केला म्हणजे कच्च्या रंगाची साडी चालेल, असं काही तुम्ही कबूल केलेलं नव्हतं.

फॉल-बीडिंगच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. साडी आवडली नाही म्हणून परत करायची असती, तर फॉल लावल्यावर ती पुन्हा विकता येत नाही ही त्यांची अडचण रास्त ठरली असती. इथे रंग जातो, ही खोट नेसल्याशिवाय कळणारी नव्हती, आणि फॉल लावल्याशिवाय साडी कोणी नेसत नाही.

दुकानदार वाद घालील तो घामावरून. “वापरल्यामुळे झालं, आमचा काय दोष?” साडी नेसायलाच घेतात आणि नेसल्यावर घाम येतोच, हा रोजचा, साधा वापर आहे, हे तुमचं उत्तर. कारणही समजून घ्या, म्हणजे बोलताना अडखळणार नाही. रेशीम रंगवल्यावर धाग्याने न धरलेला जादा रंग नीट धुऊन काढावा लागतो आणि उरलेला पक्का करावा लागतो. लाल, मरून, काळा असे गडद रंग आणायला रंगद्रव्य जास्त लागतं, म्हणून सुटा रंग उरण्याची शक्यताही तिथेच जास्त. ही धुलाई आटोपती घेतली की तो सुटा रंग काठात बसून राहतो आणि ओल लागली की शेजारच्या फिक्या अंगावर उतरतो. हा रंगाईतला दोष आहे, नेसण्यातला नाही.

पण ताई, तुम्ही स्वतःलाही दोन-तीन प्रश्न विचारायला हवेत. साडीवर थेट परफ्यूम किंवा डिओ मारला होता का? इस्त्री करताना पाणी शिंपडलं होतं का? डाग दिसल्यावर घरी कोणी लिंबू, साबण, ओला बोळा असं काही केलं का? केलं असेल तर लपवू नका. कमरेपाशी उतरलेला मूळ रंग आणि नंतर घासून पसरलेला डाग जाणकाराला वेगळे ओळखू येतात, आणि एक गोष्ट दडवलेली सापडली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जातो. बिलावर किंवा टॅगवर ‘फक्त ड्रायक्लीन’ असं असूनही साडी घरी धुतली असती, तर मी तुम्हाला हा लढा घेऊ नका असंच सांगितलं असतं. बांधणी, निळीतलं किंवा इतर हातरंगाईचं कापड ‘पहिल्या धुण्यात थोडा रंग जाईल’ असं आधी सांगून विकलं असेल, तर त्यातही तक्रारीला जागा कमीच.

आणखी एक गोष्ट तपासण्यासारखी आहे: साडी खरोखर प्युअर सिल्क आहे का? सेंट्रल सिल्क बोर्ड या सरकारी मंडळाच्या पुढाकाराने सिल्क मार्कची, म्हणजे अस्सल रेशमाच्या खुणेची, योजना चालते. त्याचा होलोग्राम असलेला, क्रमांक टाकलेला टॅग साडीला आहे का, ते बघा. नसेल तर पदराच्या गोंड्यातला एक सुटा धागा चिमट्यात धरून जाळून पाहा. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि त्याची राख बोटांनी चुरगाळते. पॉलिएस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. उभा आणि आडवा धागा वेगळे असू शकतात, म्हणून दोन्हींची परीक्षा घ्या. बिलावर ‘प्युअर सिल्क’ लिहिलंय आणि धाग्याचा मणी झाला, तर घामाचा वादच बाजूला पडतो. सांगितलं एक आणि दिलं दुसरं, असा सरळ मामला होतो. ही घरगुती परीक्षा तुमच्या खात्रीपुरती. पुरावा म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. मुंबईत प्रभादेवीला मुख्यालय असलेल्या टेक्स्टाइल्स कमिटीच्या प्रयोगशाळांत धागा कोणता आणि रंग किती पक्का, या दोन्ही तपासण्या होतात. धुणं, घाम आणि घर्षण यांपुढे रंग किती टिकतो ते १ ते ५ या श्रेणीत देतात. ५ सर्वांत चांगली. पण आत्ताच त्यासाठी पैसे घालू नका. प्रकरण आयोगापुढे गेलं आणि गरज पडली तर आयोग स्वतः साडी तपासणीला पाठवू शकतो.

तोवर साडी आहे तशी राहू द्या. ड्रायक्लीनरकडे देऊ नका. डाग गेला तर पुरावा गेला, आणि नाही गेला तर ‘ड्रायक्लीनमध्येच बिघडली’ म्हणायला दुकानदार मोकळा. पूर्ण वाळल्याची खात्री करून, थरांमध्ये पांढरं सुती कापड घालून सुती पंच्यात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि रंग आणखी पसरतो. परकरही धुऊ नका. पांढऱ्या किंवा फिक्या परकरावरचा लाल पट्टा म्हणजे रंग उतरल्याची बोलकी खूण. दिवसाउजेडी फोटो काढा: पूर्ण साडी, डागांचे जवळून, टॅग, बिल. हल्लीची बरीच बिलं थर्मल कागदावर असतात आणि काही महिन्यांत कोरी होतात, म्हणून आजच झेरॉक्स काढा.

मग दुकानात जा, पण शनिवारी-रविवारी संध्याकाळी नको. आठवड्यातल्या एखाद्या दुपारी, गर्दी नसताना, विक्रेत्याशी न बोलता मालक किंवा व्यवस्थापकाला भेटा. काउंटरवरच्या मुलाच्या हातात पैसे परत द्यायचा अधिकार नसतो. त्याच्यावर चिडून काही साधत नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या. मजकूर एवढा पुरे:

“दिनांक अमुक रोजी बिल क्रमांक अमुकप्रमाणे आपल्या दुकानातून प्युअर सिल्क म्हणून साडी रु. ८,४०० ला खरेदी केली. दिनांक अमुक रोजी प्रथमच नेसली असता काठाचा रंग घामाने साडीच्या अंगावर उतरला. साडी धुतलेली नाही. माल सदोष असल्याने तो परत घेऊन पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत करावी. बिलाची प्रत व फोटो सोबत जोडले आहेत.”

संतापाची विशेषणं नकोत, धमकी नको. एका प्रतीवर ‘मिळाले’ अशी सही, तारीख आणि शिक्का घ्या. सही द्यायला टाळाटाळ केली तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा आणि पोहोचल्याची नोंद वेबसाइटवरून छापून ठेवा. दुकानाच्या व्हॉट्सअॅप नंबरवरही फोटोंसह टाका.

तिथे तुम्हाला तीन उत्तरं मिळू शकतात. बदली साडी देऊ म्हणाले आणि मनासारखी मिळाली तर खुशाल घ्या. पण आधी पांढरा सुती रुमाल ओला करून तिच्या काठाच्या आतल्या टोकावर आठ-दहा वेळा चोळून बघा. क्रेडिट नोट देऊ म्हणाले तर ती घ्यायचं बंधन तुमच्यावर नाही. सदोष मालाला कायदा पैसे परत करायला सांगतो. आणि ‘जीएसटी भरून झाला, आता परत कसं करणार’ असं म्हणाले तर ती सबब आहे. माल परत आला की दुकानदाराला कराचा हिशेब कमी करून घ्यायची सोय जीएसटी कायद्यातच आहे, आणि ती आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत वापरता येते. काही रक्कम परत घेऊन साडी ठेवा, असा मधला मार्गही निघू शकतो. डाग निऱ्यांत लपण्याजोगे असतील आणि मुलीचा साडीवर जीव असेल तर त्याचा जरूर विचार करा. ते ठरवायचं मुलीने. साडी तिची आहे. आणि हो, बिल तुमच्या नावावर आणि साडी मुलीची, यानेही अडत नाही. घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारा माणूसही कायद्याने ग्राहकच असतो, त्यामुळे आहेरात दिलेल्या कपड्यांबद्दलही तक्रार करता येते.

१५ दिवसांत हालचाल झाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं. ते तक्रार नोंदवून क्रमांक देतात, दुकानाकडे पाठवतात आणि तडजोडीचा प्रयत्न करतात. आदेश देण्याचा अधिकार त्यांना नाही, तरी सरकारी खात्याकडून विचारणा झाली की पुष्कळ दुकानं तिथेच मिटवतात. मुलीला सांगा, आयोगाची पायरी त्यानंतरची. आणि यजमानांना सांगा, ती पायरी वाटते तितकी अवघड नाही. आता तक्रार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे तुम्हाला पुण्याला खेटे घालायचे नाहीत. सातारा जिल्हा आयोग चालेल. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते, आणि व्हिडिओवरून सुनावणीची विनंतीही करता येते. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे धरून चाला. मागणी बेताची ठेवा: साडीची किंमत, त्यावर व्याज, येण्याजाण्याचा खर्च आणि त्रासाबद्दल वाजवी रक्कम. आठ हजारांच्या साडीला दोन लाखांचा मनस्ताप लिहिला की खऱ्या नुकसानीकडेही संशयाने पाहिलं जातं.

ज्या वाचकांनी कपडे ऑनलाइन घेतले आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. ‘नॉन-रिटर्नेबल’ असं लिहिलेलं असलं तरी वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीत दाखवल्यापेक्षा वेगळी निघाली, किंवा सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा आली, तर विक्रेत्याला ती परत घेणं नाकारता येत नाही. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत तसं स्पष्ट आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर असायलाच हवा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, आणि जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट खरेदीच्याच दिवशी घेऊन ठेवा. फोटो आणि वर्णन मागाहून बदलतात.

आणि लग्नाची खरेदी अजून पुढे आहे, म्हणून हेही. पक्कं बिलच घ्या. ‘एस्टिमेट’ लिहिलेल्या चिठ्ठीवर दुकानाचं नावही धड नसतं, आणि यूपीआयच्या नोंदीत पैसे दिल्याचं दिसतं, काय घेतलं ते दिसत नाही. बिलावर नुसतं ‘साडी १’ नको. ‘प्युअर सिल्क’ असं तोंडी सांगितलंय तेच तिथे लिहायला लावा. लिहायला कां-कूं केली तर साडी न घेताच उठा. फॉलला देण्याआधी साडी घरी उजेडात पूर्ण उलगडा, ब्लाउजपीस धरून साधारण सव्वासहा मीटर, आणि ओल्या रुमालाची परीक्षा करा. ब्लाउजपीस कापायचा तो त्यानंतर. जावयांच्या कपड्यांसाठी त्यांच्या अंगाला नीट बसणाऱ्या एखाद्या कुर्त्याचं माप टेपने घेऊन जा, आणि बदलून मिळेल का, किती दिवसांत, पैसे की क्रेडिट नोट, हे पैसे देण्याआधी विचारून बिलाच्या मागे लिहून घ्या.

तुमची साडी परत घ्यायचं ठरलं तर एवढी काळजी घ्या: पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय साडी आणि मूळ बिल दोन्ही हातातून सोडू नका. “प्रोसेस करतो, चार दिवसांत येतील” म्हणाले, तर साडी मिळाल्याची आणि रक्कम किती, कधी देणार याची लेखी पावती आधी घ्या.